श्वासातला वायू आणि घणाखालचा दगड



आजचा विषय रसायनशास्त्रातला आहे, आणि तो मांडणारे आम्ही मात्र कामगार चळवळीतले. आमचे शालेय शिक्षण फार झालेले नाही. जे थोडेफार रसायन आम्हांस ठाऊक आहे ते वाचनालयांतील पुस्तकांतून आणि कारखान्यांतील धुळीतून गोळा केलेले आहे. तेव्हा दोन अणूंमधील अंतर हा विषय आम्ही का निवडला, हे आधी सांगून टाकणे बरे.

आपण जो श्वास सोडतो त्यातून कार्बन डायॉक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. काचेच्या कारखान्यात जी पांढरी वाळू लागते, किंवा शेताच्या बांधावर जी गारगोटी सापडते, ती सिलिकॉन डायॉक्साइडची. दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहा. दोहोंत एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू. शिवाय कार्बन आणि सिलिकॉन हे एकाच कुळातले. आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खालच्या घरात सिलिकॉन बसलेला आहे. असे असता एक पदार्थ वायू आणि दुसरा दगड, हे कसे? पहिला गोठवून घट्ट केला तरी शून्याखाली ७८ अंशांवर पुन्हा वायू होऊन उडून जातो. दुसरा वितळवावयाचा तर सुमारे १७०० अंशांची भट्टी पेटवावी लागते. या प्रश्नाचे उत्तर अणू-अणूंमधील अंतरात दडलेले आहे. आणि ज्यांचे पोट दगड फोडण्यावर चालते त्यांच्या दृष्टीने ते उत्तर निव्वळ ज्ञानाचे नाही, जीवनमरणाचे आहे.

प्रथम बंध म्हणजे काय ते पाहू. अणूच्या मध्यभागी धनभारित केंद्रक असते आणि भोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. दोन अणू जवळ येऊन इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक करतात, तेव्हा त्यांच्यात बंध झाला असे म्हणतात. सामाईक इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांना आत ओढतात. पण केंद्रके एकमेकांच्या फार जवळ आली की परस्परांना दूर लोटू लागतात. ही ओढ आणि हे लोटणे जेथे तोलून धरले जाते, तेथे अणू स्थिरावतात. आम्हां युनियनवाल्यांना ही गोष्ट समजावयास कठीण नाही. दोन्ही पक्षांची ओढाताण ज्या आकड्यावर थांबते त्याला आपण करार म्हणतो. अणूंचाही असाच करार होतो, आणि त्यात ठरलेल्या अंतराला बंधलांबी म्हणतात. अणू त्या अंतराच्या आगेमागे सतत थरथरत असतात. पण त्यांची सरासरी ठरलेली असते.

हे अंतर मोजण्याचे माप पिकोमीटर. एक मीटरचे एक लक्ष कोटी भाग करावे, त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोमीटर. हिऱ्यात कार्बनच्या दोन शेजारी अणूंमध्ये १५४ पिकोमीटर अंतर असते. डोक्याच्या केसाच्या जाडीत अशा सुमारे साडेचार लाख बंधलांब्या मावतील. इतके बारीक अंतर मोजले कोणी, असे कोणी विचारील. रंटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. ते स्फटिकातून पार होताना ठराविक दिशांना फाकतात, हे १९१२ मध्ये दिसून आले. आणि त्या फाकण्यावरून आतल्या अणूंची मांडणी कशी काढावयाची, हे इंग्लंडमधील ब्रॅग पिता-पुत्रांनी लगेच दाखवून दिले. मिठाची व हिऱ्याची रचना त्यांनी १९१३ मध्ये उलगडली आणि १९१५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. क्ष-किरणांची ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता बंधांची लांबी कशावर ठरते ते पाहावयाचे. मेंडेलेयेव या रशियन शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये मूलद्रव्यांची सारणी मांडली. तिच्यातल्या उभ्या रांगांना गण आणि आडव्या रांगांना आवर्त म्हणतात. मूलद्रव्याचा पत्ता कळला की त्याच्या बंधांच्या लांबीचा बराचसा अंदाज बांधता येतो. नियम चारच आहेत.

पहिला नियम उभ्या रांगेचा. अणूतील इलेक्ट्रॉन चाळीच्या मजल्यांप्रमाणे एकावर एक कवचांत राहतात. गणात एक घर खाली उतरले की अणूला एक नवा मजला चढतो. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला केंद्रकाची ओढ कमी जाणवते, कारण मधल्या मजल्यांवरचे इलेक्ट्रॉन आड येतात. साहजिकच अणू मोठा होतो आणि त्याचे बंध लांबतात. फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन हे एका गणातले चार भाऊ. त्यांची हायड्रोजनशी गाठ बांधली तर बंधलांबी अनुक्रमे ९२, १२७, १४१ आणि १६१ पिकोमीटर भरते. बंध जसजसा लांबतो तसतसा तो दुबळाही होतो. रसायनशास्त्रज्ञांच्या मापाने हे चार बंध तोडावयास सुमारे ५७०, ४३०, ३६६ आणि २९८ किलोज्यूल ऊर्जा लागते.

दुसरा नियम आडव्या रांगेचा. डावीकडून उजवीकडे जाताना मजला तोच राहतो, पण दर घराला केंद्रकाचा भार एकाने वाढतो. एकाच मजल्यावरचे शेजारी एकमेकांच्या फारसे आड येत नाहीत, म्हणून ओढ वाढते आणि अणू आकसतो. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन हे एका रांगेतले शेजारी. हायड्रोजनशी त्यांचे बंध १०९, १०१, ९६ आणि ९२ पिकोमीटरांचे. उतार सौम्य आहे, पण चुकत नाही.

तिसरा नियम जोड्यांच्या संख्येचा. दोन अणूंनी एकच जोडी सामाईक केली तर एकेरी बंध, दोन केल्या तर दुहेरी, तीन केल्या तर तिहेरी. जोड्या वाढल्या की अणू अधिक जवळ ओढले जातात. कार्बन-कार्बन एकेरी बंध १५४, दुहेरी १३४, तिहेरी १२० पिकोमीटर.

चौथा नियम असमानतेचा. काही अणू सामाईक जोडी आपल्याकडे अधिक ओढतात. या गुणाला विद्युतऋणता म्हणतात, आणि त्याचे माप अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये बसवून दिले. त्या मापावर ऑक्सिजन सुमारे ३.४, कार्बन २.५ आणि सिलिकॉन १.९. दोन अणूंत हा फरक मोठा असला की जोडी एकीकडे सरकते. एका टोकाला थोडा ऋण भार आणि दुसऱ्याला थोडा धन भार येऊन ती टोके परस्परांना ओढतात, आणि बंध अपेक्षेहून आखूड व अपेक्षेहून बळकट होतो.

नियम सांगितले की अपवादही सांगावे लागतात, नाहीतर ऐकणाऱ्याची फसवणूक होते. कार्बनच्या गणातच पाहा. कार्बन-कार्बन १५४, सिलिकॉन-सिलिकॉन २३५. एकदम ८१ ची उडी! त्याखाली जर्मेनियम. मेंडेलेयेवच्या वेळी हे मूलद्रव्य कोणी पाहिलेलेही नव्हते. सारणीतले रिकामे घर पाहून त्याने १८७१ मध्ये त्याचे गुण आधीच सांगितले आणि आपल्या संस्कृतातला ‘एक’ शब्द घेऊन त्याचे नाव ‘एका-सिलिकॉन’ ठेवले. अणुभार ७२ असेल, हे त्याचे भाकीत. पुढे १८८६ मध्ये विंक्लर या जर्मन रसायनज्ञाला ते सापडले, तेव्हा अणुभार ७२.६ च्या आसपास भरला. मग या जर्मेनियमचा बंध किती लांब असावा? मोठी उडी अपेक्षित होती. प्रत्यक्षात तो २४५, म्हणजे सिलिकॉनहून अवघा दहाने जास्त. कारण असे की मध्यंतरी आडव्या रांगेत दहा धातू येऊन गेलेले असतात. त्यांच्यामुळे केंद्रकाचा भार दहाने वाढतो. पण भर पडलेले इलेक्ट्रॉन आतल्या अशा जागी बसतात की जेथून त्यांना नीट आड येता येत नाही. म्हणून नवा मजला चढला तरी इमारत फारशी उंच होत नाही.

हाच प्रकार सराफाच्या दुकानात पाहावयास मिळतो. सारणीत चांदीच्या खाली सोने आहे. नियमाने सोन्याचा अणू बराच मोठा हवा. पण मध्ये आणखी चौदा मूलद्रव्यांची रांग शिरलेली आहे. शिवाय जड केंद्रकाभोवती अतिवेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे आणखी आकसणे घडते. परिणामी चांदीत शेजारी अणूंचे अंतर २८९ आणि सोन्यात २८८ पिकोमीटर. घरे सारखीच, पण सोन्याच्या अणूचे वजन जवळपास दुप्पट. म्हणून चांदीची घनता १०.५ आणि सोन्याची १९.३. अणूंचे माप असे जुळते म्हणूनच सोन्यात चांदी हव्या त्या प्रमाणात बेमालूम मिसळते. सोनाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सारणीने त्याचे कारण सांगितले, इतकेच.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कार्बनला चार हात आहेत आणि ऑक्सिजनला दोन. कार्बनपुढे दोन मार्ग असतात. चार ऑक्सिजनांशी चार एकेरी बंध करावे, किंवा दोन ऑक्सिजनांशी दोन दुहेरी बंध करून मोकळे व्हावे. हिशेब मांडून पाहा. कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंधाची ऊर्जा सुमारे ३५८. चारांची मिळून १४३२. कार्बन डायॉक्साइडमधल्या दुहेरी बंधाची सुमारे ८००; दोहोंची १६००. दुहेरीचा सौदा फायद्याचा ठरतो. कार्बनचा अणू लहान, म्हणून ऑक्सिजन त्याच्या अगदी जवळ, १४३ ऐवजी ११६ पिकोमीटरांवर येऊ शकतो. दुहेरी बंधातली दुसरी जोडी दोन अणूंच्या बाजूबाजूंनी चिकटते आणि ते चिकटणे जवळिकीवाचून होत नाही. अशा रीतीने एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन आपल्यातच तृप्त होतात. शेजाऱ्याशी गाठ बांधावयास कोणाचाही हात मोकळा उरत नाही. असे सुटे सुटे रेणू म्हणजेच वायू.

सिलिकॉनचे तसे नाही. त्याला एक मजला जास्त, अणू मोठा. ऑक्सिजन इतक्या अंतरावर राहतो की बाजूने होणारे चिकटणे दुबळे पडते. त्यामुळे दोन दुहेरी बंधांचा सौदा त्याला परवडत नाही. उलट त्याचे एकेरी बंध मात्र विलक्षण भक्कम. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची मापे नुसती मिळविली तर सुमारे १९१ पिकोमीटर व्हावयास पाहिजे. गारगोटीत प्रत्यक्ष मोजमाप १६१ भरते. तीस पिकोमीटरांची ही आखडण चौथ्या नियमाची, म्हणजे विद्युतऋणतेतल्या मोठ्या तफावतीची. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या एकेरी बंधात हीच आखडण अवघी आठाची आहे. अशा एका सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाची ऊर्जा सुमारे ४५०, चारांची १८००. म्हणून सिलिकॉन चार हातांनी चार ऑक्सिजन धरतो. प्रत्येक ऑक्सिजन दुसऱ्या हाताने पुढचा सिलिकॉन धरतो. आणि ही साखळी चोहो बाजूंनी पसरत जाते. गारगोटीचा अख्खा खडा हा एक प्रचंड रेणूच होय. तो विरघळत नाही, जळत नाही, सहजासहजी वितळत नाही. एका मजल्याच्या फरकाने श्वास जाऊन दगड आला, तो असा.

आता हा दगड फोडणाऱ्या माणसाकडे पाहू. शरीराला कार्बन डायॉक्साइडची अडचण होत नाही. तो रक्तात विरघळतो, फुप्फुसात येतो, बाहेर पडतो. माणूस दिवसाकाठी जवळजवळ किलोभर वायू असा सोडतो. पण गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्‌झची, धूळ आत गेली तर? मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे बारीक कण मात्र डोळ्यांना न दिसता फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. अशा कणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जेमतेम सहा हजार बंधलांब्या असतात, पण प्रत्येक बंध तितकाच भक्कम. तेथल्या रक्षक पेशी कण गिळतात, पण तो त्यांना पचवता येत नाही. पेशी मरतात आणि कण पुन्हा मोकळा होतो. दुसरी पेशी येते, तीही मरते. प्रत्येक मरणासरशी तेथे दाह होतो, व्रण धरतो, आणि हळूहळू स्पंजासारखे फुप्फुस चामड्यासारखे घट्ट होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. यावर औषध नाही. काम सोडले तरी तो पुढे वाढू शकतो, आणि ज्याला तो जडला त्याला क्षयही लवकर गाठतो.

येथे बंधाचा आणखी एक प्रताप दिसतो. दगड फुटतो म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटतात. ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर तुटके, अतृप्त हात उरतात आणि ते जे मिळेल त्याच्याशी झोंबतात. म्हणून नुकतीच उडालेली धूळ जुन्या धुळीपेक्षा अधिक घातक. ज्याच्या हातातल्या यंत्राने दगड फुटतो, त्याच्याच नाकाशी ती सर्वांत ताजी असते!

कोणी म्हणेल, आपला महाराष्ट्र तर काळ्या पाषाणाचा. खरे आहे. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, वजनाने जवळपास निम्मा भाग सिलिकॉन डायॉक्साइड असला तरी तो बहुतेक सगळा लोखंड, मॅग्नेशियम, कॅल्शियम, अॅल्युमिनियम यांच्याशी बांधलेला असतो. मोकळा क्वार्ट्‌झ त्यात फार थोडा. म्हणून ती धूळ गारगोटीच्या धुळीइतकी मारक नाही. निरुपद्रवी मात्र तीही नाही. परंतु सिंधुदुर्गात कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळूच्या खाणी आहेत, आणि कोल्हापूरच्या फौंड्र्यांत साचे वाळूचेच होतात. ओतकाम थंड झाल्यावर साचा फोडताना जी धूळ उठते ती हीच. शेजारी गुजरातेत खंबायतचे अकीक घासणारे आणि मध्य प्रदेशात मंदसोरचे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे याच धुळीने खंगले. मुलांनी ज्या पेन्सिलीने बाराखडी गिरवली, तिची धूळ दुसऱ्या कोणाच्या छातीत साचली होती.

आमच्या चळवळीच्या आयुष्यात असे अनेक कागद हातांतून गेले. एका फौंड्रीतल्या कामगारांच्या कागदांवर वर्षानुवर्षे ‘क्षय’ एवढेच लिहिलेले असे. तू कोणत्या धुळीत काम करतोस, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नव्हता. क्षय म्हटले की तो घरचा रोग ठरतो, नशिबाचा भोग ठरतो. सिलिकोसिस म्हटले की तो कामाचा रोग ठरतो आणि कायदा लागू होतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या रोगांच्या यादीत त्याला स्थान मिळाले. १९४८ च्या कारखाने कायद्याने तो सरकारला कळविणे बंधनकारक केले, आणि २०२० च्या नव्या संहितेतल्या यादीतही तो आहे. एका शब्दाच्या फरकाने विधवेच्या हातात भरपाई येते किंवा येत नाही. ज्या क्ष-किरणांनी ब्रॅग पिता-पुत्रांनी अणूंची अंतरे मोजली, तेच किरण फुप्फुसाच्या वरच्या भागातले बारीक ठिपके दाखवतात. ते पाहावयाचे की नाही, एवढेच माणसाच्या हाती उरते.

उपाय काय? सारणी बदलता येणार नाही. सिलिकॉनचा मजला कमी करता येत नाही आणि त्याचा बंध फुप्फुसात विरघळावा अशी विनवणीही करता येत नाही. म्हणून धूळ आत गेल्यानंतरच्या उपायांची आशा सोडून ती उठूच न देणे हाच खरा उपाय. दगड कापताना, भोक पाडताना पाण्याची धार सोडावी. कण भिजून जड होतात आणि खाली बसतात. यंत्राच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा. वाळूच्या माऱ्याने लोखंड साफ करण्याऐवजी पोलादी गोळ्यांचा मारा करावा. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतकामावरचा वाळूचा मारा बंद केला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी वापरली जाणारी कृत्रिम फरशीच बंद केली, कारण तिच्यात क्वार्ट्‌झ फार आणि ती कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसने आजारी पडू लागले होते. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवीत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मुखवटा योग्य जातीचा हवा, आणि तोही शेवटची तटबंदी म्हणून.

शास्त्राची पुस्तके वाचून कामगाराला काय मिळावयाचे, असे आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येते. आमचे उत्तर असे की त्याला कारण मिळते. छातीत दम भरतो तो पूर्वजन्मीच्या पापाने नव्हे, वयाने नव्हे, विडीनेच असेही नव्हे. तो एकशे एकसष्ट पिकोमीटरांच्या एका बंधाने भरतो. तो बंध शरीराला तोडता येत नाही, पण धुळीचा फवारा पाण्याने तोडता येतो. कारण कळले की नशीब मागे पडते आणि मागणी पुढे येते. आपल्यापैकी जे घरे बांधतात, ओटे बसवून घेतात, फरशी कापून घेतात, त्यांनी उद्या त्या कारागिराच्या यंत्राला पाण्याची नळी लावलेली आहे की नाही, एवढे विचारावे. नसली तर काम थांबवून ती लावून घ्यावी. त्याच्या मजुरीचा हिशेब त्यानंतर करावा.